दहा ते नऊच्या वेळात घडणारा मुतखडा

वाचकाचं पत्र

मी एकोणचाळीस वर्षांची आहे. जळगावात एका साडीच्या दुकानात अकरा वर्षं काम करते, सकाळी दहा ते रात्री नऊ. गेल्या मे महिन्यात रात्री दोन वाजता डाव्या कुशीत अशी कळ आली की मी फरशीवर लोळत होते. सहा मिलिमीटरचा खडा निघाला. औषधांवर तीन आठवड्यांत पडून गेला. आता दुसऱ्याच तक्रारीसाठी सोनोग्राफी केली, तर उजव्या किडनीत चार मिलिमीटरचा खडा दिसतो आहे. वर्षभर मी सगळं पाळलं. टोमॅटो, वांगी, पालक, पेरू बंद. दूध-दही बंद. हाडांसाठी दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्याही थांबवल्या. दुकानात बाथरूम नाही, म्हणून दिवसा पाणी बेतानं पिते, पण घरी आल्यावर झोपेपर्यंत दोन-अडीच लिटर पिऊन घेते. तरीही खडा झालाच. दीर म्हणतात, बिअर घे. नणंदेनं कुणाकडची तरी पुडी आणून दिली आहे. माझ्या आईलाही खडे होते. मुलगा चौदा वर्षांचा आहे, त्यालाही होतील का? माझं नेमकं कुठे चुकतंय?

उत्तर

ताई, वर्षभर इतकं सोडूनही खडा पुन्हा झाला म्हणून तुम्ही स्वतःलाच दोष देता आहात, ते वाचून वाईट वाटलं. जे सोडलंत त्यातलं बरंचसं सोडायची गरज नव्हती. आणि खऱ्या कारणाचं वाक्य तुम्ही पत्रात जाता जाता लिहून गेलात: दुकानात बाथरूम नाही.

खडा होतो कसा ते आधी सांगते, म्हणजे पुढचं सगळं तुम्हाला स्वतःलाच जुळवता येईल. दिवाळीत पाक जास्त आटला की कढईच्या कडेला साखर धरते, ते तुम्ही पाहिलं असेल. साखर तेवढीच असते, पाणी कमी झालेलं असतं. लघवीचंही तसंच आहे. आपल्या दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातलं जवळजवळ सगळं पाणी शरीराला परत देतात. उरतं ते दीड-दोन लिटर. बाहेर टाकायचं कॅल्शियम, ऑक्झलेट (भाज्या, दाणे, चहा यांतून येणारा क्षार), युरिक अॅसिड एवढ्याशा पाण्यात विरघळलेलं राहायला हवं. जळगावचा मे महिना, पारा पंचेचाळिशीला टेकलेला, अंगातलं पाणी घामावाटे गेलेलं, वरून पाणी आलेलं नाही. मग किडनी पाणी राखून ठेवते आणि लघवी आटलेल्या पाकासारखी होते. कॅल्शियम आणि ऑक्झलेट एकमेकांना धरतात, बारीक स्फटिक तयार होतात. त्यातला एखादा किडनीच्या आतल्या टोकाला चिकटून बसला की पुढच्या प्रत्येक कोरड्या दुपारी त्याच्यावर थर चढत जातो. दहापैकी सात-आठ खडे या कॅल्शियम ऑक्झलेटचेच असतात.

आता तुमचा दिवस या हिशेबात बसवून पाहा. रात्री नऊनंतर तुम्ही अडीच लिटर पाणी पिता, तेव्हा रात्रीची लघवी पातळ होते आणि झोपही मोडते. पण दुपारी तीन वाजता जे स्फटिक धरले गेले, ते रात्रीच्या पाण्यानं विरघळत नाहीत. कॅल्शियम ऑक्झलेट एकदा बसलं की पाण्यात विरघळणारी वस्तू नाही. एकूण पाण्याचा आकडा चांगला दिसला तरी तुमचे अकरा तास कोरडेच राहतात, आणि खडा त्या अकरा तासांत घडतो आहे.

पाण्यानं खरंच फरक पडतो का, असं तुमच्या मनात येईल. इटलीतल्या पार्मा शहरातल्या डॉक्टरांनी हे तपासून पाहिलं आणि १९९६ मध्ये ते छापून आलं. पहिल्यांदाच खडा झालेले १९९ रुग्ण. निम्म्यांना दिवसाला किमान दोन लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यायला सांगितलं, बाकीच्यांना काही सांगितलं नाही. पाच वर्षांत पाणी पिणाऱ्या गटात शंभरातल्या बाराजणांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्या गटात सत्तावीसजणांना. औषध नाही, शस्त्रक्रिया नाही, नुसतं पाणी. आज मूत्रविकारतज्ज्ञ याहून थोडं पुढे जाऊन रोज अडीच लिटर लघवी व्हावी असं सांगतात.

इथे बहुतेकांची गफलत होते. अडीच लिटर पाणी प्यायचं नाही, अडीच लिटर लघवी व्हायला हवी. साध्या दिवसात त्यासाठी तीन लिटरच्या आसपास पातळ पदार्थ पोटात जावे लागतात, खानदेशच्या उन्हाळ्यात साडेतीन-चार लिटरही लागतील. हे मोजायचा सोपा उपाय आहे. रविवारी सकाळी उठल्यावरची पहिली लघवी सोडून द्या आणि तिथपासून सोमवारच्या पहिल्या लघवीपर्यंतची, तीही धरून, सगळी एका रिकाम्या तेलाच्या कॅनमध्ये जमवा. कॅनवर मार्करनं अर्ध्या अर्ध्या लिटरच्या खुणा करून ठेवा. किळस वाटेल, पण हा एक आकडा माझ्यासारखीला दहा प्रश्नांपेक्षा जास्त सांगून जातो. तुम्हाला सुट्टी रविवारीच असते, हे मला कळतं. म्हणून एकदा तरी कामाच्या दिवशी घरी सकाळ-रात्री आणि दुकानात किती वेळा जाता आलं याची नोंद ठेवा. दोन्हींतला फरक पाहून तुम्हालाच धक्का बसेल.

पाणी वाटून प्यायचं. उठल्यावर दोन पेले. नाश्त्याबरोबर एक. घरातून निघण्याआधी अर्धा तास आणखी एक, म्हणजे बाहेर पडण्यापूर्वी बाथरूमला जाऊन निघता येईल. दुकानात लिटरची बाटली गल्ल्याजवळ न ठेवता तुमच्या काउंटरखाली ठेवा. ती दुपारी जेवणापर्यंत संपलेली हवी आणि पुन्हा भरलेली संध्याकाळी सहापर्यंत. रात्री जेवताना एक पेला, झोपताना एक. रात्री एकदा उठावं लागलं तर उठा, पण अडीच लिटर रात्री ओतणं बंद करा. लघवीचा रंग पातळ लिंबू सरबतासारखा राहिला की समजा जमतंय. मोहरीच्या तेलासारखा झाला की उशीर झालेला असतो.

आणि मग बाथरूमचा प्रश्न येतोच. पाणी प्या म्हणून सांगणं सोपं आहे, पण ते गेलं पाहिजे कुठे? मी असं सांगून मोकळी होणार नाही. गेली वीस-बावीस वर्षं माझ्याकडे दुकानांतल्या, शाळांतल्या, शेतावरच्या बाया येतात, आणि पाणी का पीत नाही म्हटलं की मान खाली घालून एकच उत्तर देतात. लघवी रोखून धरल्यानं थेट किडनीत खडा होतो असं नाही, एवढं सांगून तुमची एक भीती कमी करते. पण रोखून धरल्यानं जंतुसंसर्ग होऊ शकतो, बायकांत तो लवकर होतो, आणि काही प्रकारचे खडे त्या संसर्गातूनच तयार होतात. शिवाय जायला जागा नसली की माणूस प्यायचंच थांबतो. खरा घात तिथे होतो.

म्हणून हा प्रश्न मालकापुढे मांडा, आणि एकट्या मांडू नका. दुकानात आणखी चार-पाचजणी असतील. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात कामगारांसाठी पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह यांची तरतूद आहे. कमी माणसांची दुकानं त्यातून सुटतात, पण सुटलेल्या दुकानातल्या बाईलाही किडन्या दोनच असतात. केरळात कोळिकोडच्या कापडबाजारात साड्या विकणाऱ्या बायकांची अगदी हीच व्यथा होती. दिवसभर बसायची मुभा नाही, बाथरूम नाही, म्हणून पाणी नाही. विजी पलितोडी नावाच्या शिंपीकाम करणाऱ्या बाईंनी त्यांना एकत्र आणलं, बरीच वर्षं त्या लढल्या, आणि २०१८ मध्ये केरळ सरकारनं कायदा बदलून दुकानातल्या कामगारांना बसायचा हक्क दिला. आपल्या मुंबईतही २०११ पासून ‘राइट टू पी’ या नावानं बायकांच्या मोफत आणि स्वच्छ मुताऱ्यांसाठी चळवळ उभी राहिली. तुम्ही लगेच मोर्चा काढा असं मी म्हणत नाही. पण शेजारच्या मोठ्या दुकानात किंवा बँकेत दोन वेळा जाऊ देण्याची सोय मालक शब्द टाकून करू शकतात. दुपारी जेवणाच्या सुट्टीत एकदा आणि पाच-साडेपाचला एकदा, दहा मिनिटं. एवढं मागणं जास्त नाही. डॉक्टरांची चिठ्ठी लागत असेल तर तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या: ‘मुतखड्याचा त्रास असल्यामुळे दर दोन-तीन तासांनी लघवीस जाणे आवश्यक’. कागद हातात असला की बोलायला बळ येतं.

आता दूध-दह्याकडे येते, कारण ते बंद करून तुम्ही स्वतःचं नुकसान करून घेतलं आहे.

खड्यात कॅल्शियम आहे, म्हणून कॅल्शियम बंद, हे गणित सरळ वाटतं. पूर्वी डॉक्टरही हेच सांगत. पण ते चुकीचं निघालं. आपण जेवतो तेव्हा भाजी, दाणे, चहा यांतलं ऑक्झलेट आणि दूध-दह्यातलं कॅल्शियम आतड्यातच एकमेकांना धरतं आणि ती जोडी शौचावाटे निघून जाते. जेवणात कॅल्शियम नसलं, तर ऑक्झलेटला धरायला कुणी राहत नाही. ते रक्तात शिरतं, तिथून किडनीत, आणि जी गाठ आतड्यात पडायची ती किडनीत पडते. पार्माच्याच डॉक्टरांनी २००२ मध्ये याचा निकाल लावला. पुन्हा पुन्हा खडे होणारे १२० पुरुष, ज्यांच्या लघवीतून कॅल्शियम मुळातच जास्त जात होतं. साठजणांना दूधदुभतं तोडून दिवसाला सुमारे ४०० मिलिग्रॅम कॅल्शियमवर ठेवलं. साठजणांना नेहमीसारखं १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम दिलं, मात्र मीठ आणि मांस कमी केलं. पाच वर्षांनी पहिल्या गटातल्या तेवीसजणांना पुन्हा खडा झाला होता, दुसऱ्यातल्या फक्त बाराजणांना.

तेव्हा दूध-दही उद्यापासून परत सुरू करा. एका पेलाभर गाईच्या दुधात साधारण अडीचशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं आणि आपल्याला दिवसाला हजार लागतं. दही किंवा ताक जेवणाबरोबरच घ्या, कारण ऑक्झलेटशी गाठ पडायची तर दोघं एकाच वेळी आतड्यात हवेत. आपल्या आज्या पालकाची पातळ भाजी ताकात करायच्या, त्याच्यात किती शहाणपण होतं ते आता कळतं.

गोळ्यांचं थोडं वेगळं आहे. अमेरिकेत छत्तीस हजारांहून जास्त बायकांवर झालेल्या मोठ्या चाचणीत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्यांत खड्याचं प्रमाण सुमारे १७ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. अन्नातलं कॅल्शियम आणि गोळीतलं कॅल्शियम यांची वागणूक सारखी नाही. पण तुमच्या हाडांसाठी गोळ्या कुणीतरी विचार करून दिल्या असतील. त्या स्वतःच्या मनानं बंद करू नका आणि स्वतःच्या मनानं सुरूही करू नका. ज्यांनी दिल्या त्यांना खड्याचं सांगा, आणि चालू ठेवायला सांगितलं तर जेवताना घ्यायची का ते विचारा. रिकाम्या पोटी घेतलेली गोळी ऑक्झलेटला धरू शकत नाही.

दूध परत आलं, आता मीठ जाऊ द्या. तुमच्या पत्रात मिठाचा उल्लेखच नाही आणि खानदेशी घरात तर तो असायलाच हवा. मिठातलं सोडियम लघवीतून बाहेर पडताना कॅल्शियमला सोबत ओढतं. साधारण सहा ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट चमचाभर, जास्त खाल्लं की लघवीतलं कॅल्शियम चाळीसेक मिलिग्रॅमनं वाढतं. रोज, वर्षानुवर्षं. जागतिक आरोग्य संघटना सगळं मिळून दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहायला सांगते. आता आपलं ताट आठवा. शेवभाजीतली शेव आधीच खारट, वर रश्शात मीठ. भाकरीबरोबर ठेचा. डब्यात लोणच्याची फोड. भरताबरोबर तळलेली बिबडी किंवा उडदाचा पापड, आणि पापडखार हाही सोडियमचाच क्षार. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया, बिबड्या, पापड वाळवणं हा आपल्याकडचा उत्सव आहे, आणि मी तो मोडा म्हणणार नाही. पण तुमच्या डब्यात लोणचं, पापड, ठेचा आणि शेव या चारांपैकी एका दिवशी एकच असावं. ठेच्यातलं मीठ निम्मं करा, लिंबू पिळा, जिभेला फारसं कळणार नाही. वरून मीठ घ्यायचं भांडं जेवणाच्या जागेवरून उचला. चार वाजता दुकानात फरसाण येत असेल तर त्याऐवजी एक केळं खा. जळगावच्या माणसाला केळ्याचं महत्त्व मी काय सांगणार, पण केळ्यातलं पोटॅशियम खड्याच्या बाबतीत आपल्या बाजूनं काम करतं आणि ऑक्झलेट त्यात थोडं असतं.

टोमॅटोवर मात्र फुकट आळ आला आहे. त्यात ऑक्झलेट कमीच असतं. टोमॅटोच्या, वांग्याच्या, पेरूच्या बियांचे खडे होतात ही समजूत घरोघरी आहे, पण बी आतड्यातून जाते आणि खडा किडनीत होतो, त्या दोन वाटा कुठेच एकत्र येत नाहीत. भरीत खा, पेरू खा. पालक, माठ, अळू, चुका या पानांत ऑक्झलेट खरोखर जास्त असतं, पालकात तर शंभर ग्रॅममध्ये काही शे मिलिग्रॅम. तो आठवड्यातून एखादे वेळी उकडून, पाणी ओतून देऊन, दही-ताकाबरोबर खाल्ला तर चालेल. मेथी, कोबी, दुधी, दोडकी, गिलकी मनसोक्त खा. शेंगदाण्यांत आणि बदाम-काजूत ऑक्झलेट बरंच आहे. भाजीतला कूट चालेल, बसल्या बसल्या मूठमूठ दाणे नकोत. आणि हो, उपवासाच्या दिवसांकडे लक्ष द्या. साबुदाण्याच्या खिचडीत वाटीवाटीनं दाण्याचा कूट, वर पाणी कमी, असं नवरात्रात नऊ दिवस चालतं. हरितालिकेचा निर्जळी उपवास तुमच्यासारख्या बाईनं करू नये, असं मी स्पष्ट सांगते. पाणी पिऊन करा. देवीला तुमची किडनी नको आहे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. मांसाहार करत असाल तर आठवड्यातून दोनदा, बेतानं. मटण-चिकन-मासळीनं लघवी आम्ल होते, युरिक अॅसिड वाढतं आणि खडे रोखणारं सायट्रेट कमी होतं. गिऱ्हाइकांसाठी आणलेली थंड पेयं तुम्हालाही मिळत असतील. ती गोड पेयं टाळा, साखरेनं खड्याचा धोका वाढतो. चहा दिवसाला दोन-तीन कप चालेल, दुधाचा चहा तर चांगलाच. लिंबू पिळलेलं पाणी घ्या, साखर-मीठ न घालता. लिंबातल्या सायट्रेटचा थोडा उपयोग होतो, पण त्यानं झालेला खडा विरघळतो असं नाही. सौंदर्यासाठी किंवा सर्दीसाठी कुणी ‘क’ जीवनसत्त्वाची हजार मिलिग्रॅमची गोळी रोज घ्यायला सांगितली तर घेऊ नका. शरीर त्यातल्या काही भागाचं ऑक्झलेट करतं. वजनाबद्दल तुम्ही लिहिलं नाही, पण वाढलेलं असेल तर हळूहळू उतरवा, कारण लठ्ठपणाचा आणि खड्याचा संबंध बायकांत पुरुषांपेक्षा जास्त घट्ट आहे. बोअरच्या जड पाण्याला आपल्याकडे सगळे नावं ठेवतात. आरओचं पाणी परवडत असेल तर प्या, पण पाणी जड आहे म्हणून कमी पिणं हे जड पाणी पिण्याहून वाईट.

दीरांना सांगा, बिअरनं खडा विरघळत नाही. थोडा वेळ लघवी जास्त होते, नंतर अंग आणखी कोरडं पडतं, आणि युरिक अॅसिडचे खडे होण्याची प्रवृत्ती असेल तर भरच पडते. पुडी मात्र आजच फेकून द्या, नणंदेला वाईट वाटलं तरी. आत काय आहे हे जिच्यावर लिहिलेलं नाही अशा पुडीत शिसं, पारा, स्टेरॉइड काहीही असू शकतं आणि त्यानं किडनीच खराब होते. हुलग्याचं कढण प्यायचं असेल तर खुशाल प्या. पोटात पाणी जातं, अन्नही आहे. फक्त त्यात मीठ कमी घाला आणि त्याच्या भरवशावर तपासण्या टाळू नका.

तपासण्या म्हणजे काय? गेल्या वर्षीचा खडा पडून गेला आणि त्याबरोबर त्याची ओळखही गेली. पुढच्या वेळी, येऊच नये, पण आलीच वेळ तर लघवी बारीक गाळणीतून किंवा पातळ सुती कापडातून गाळा आणि खडा कोरड्या डबीत ठेवून प्रयोगशाळेत द्या. तो कशाचा आहे हे कळलं की अर्धं उत्तर मिळतं, कारण युरिक अॅसिडचा खडा औषधानं विरघळवता येतो आणि कॅल्शियमचा नाही. वर्षभरात दुसरा खडा, आईलाही त्रास, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम, युरिक अॅसिड, क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारं) आणि चोवीस तासांच्या लघवीची तपासणी आता करून घ्याच. रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं निघालं तर गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथीचा दोषही असू शकतो. तो आहारानं सुटत नाही, त्याला वेगळा उपचार लागतो. चार मिलिमीटरचा खडा किडनीत निवांत बसला आहे तोवर त्याला शस्त्रक्रिया लागेलच असं नाही. पाच मिलिमीटरच्या आतले खडे खाली उतरले तरी तिघांतले दोघं साधारण आपोआप पडतात.

मुलाचं विचारलंत. आईला किंवा भावंडांना खडा असलेल्या माणसाला धोका इतरांपेक्षा दुप्पट-अडीचपट असतो. तो त्याच्या रक्तातून जसा येतो, तसाच तुमच्या ताटातून आणि माठातूनही येतो. त्याची आत्ता सोनोग्राफी करायची गरज नाही. तो शाळेतून येतो तेव्हा पाण्याची बाटली रिकामी येते की भरलेली, तेवढं रोज पाहा. भरलेली येत असेल तर कारण विचारा. कदाचित शाळेतली मुतारीही तुमच्या दुकानासारखीच असेल, आणि मग तेही शिक्षकांकडे बोलायला हवं.

एक गोष्ट लक्षात ठेवा, ती घरातल्यांनाही वाचून दाखवा. कळेबरोबर थंडी वाजून ताप आला, लघवी पूर्ण थांबली, किंवा उलट्यांमुळे पाण्याचा घोटही टिकेना, तर रात्र असली तरी थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. अडलेल्या लघवीत जंतू वाढले तर काही तासांत जिवावर बेततं. कळ चालू असताना बादलीभर पाणी पिऊन खडा ढकलायचा प्रयत्नही करू नका, त्यानं दुखणं आणि उलट्या वाढतात. दुखीच्या गोळ्या मेडिकलमधून आणून दिवसेंदिवस खाऊ नका, त्यातल्या पुष्कळशा किडनीला त्रास देतात. आणि कळ थांबली म्हणजे खडा पडलाच असं धरू नका. कधी कधी खडा नळीत अडकून राहतो, दुखणं थांबतं, आणि किडनी मात्र मुकाट्यानं फुगत जाते. पडलेला खडा डोळ्यांनी पाहिला नसेल तर पुन्हा सोनोग्राफी करायचीच. मागच्या मे महिन्यातल्या डाव्या बाजूच्या खड्यानंतर ती झाली होती का? झाली नसेल, तर आताच्या रिपोर्टमध्ये डावी किडनी आणि नळी ठीक असल्याचं लिहिलं आहे का, ते पाहा.

येत्या रविवारी कॅन भरून पाहा. जो आकडा निघेल तो सोनोग्राफीच्या रिपोर्टच्या पाठीमागे तारीख घालून लिहा, शेजारी कामाच्या एका दिवसाची नोंद लिहा, आणि डॉक्टरांकडे जाताना तो कागद आणि थांबवलेल्या गोळ्यांची पट्टी, दोन्ही पिशवीत टाका.